फाट्यावरचा माणूस काय म्हणाला

देवगाव फाट्यावर बसची वाट बघताना तो शेजारी बसला होता. शेंग सोलून आधी माझ्या हातावर ठेवायचा, मग स्वतः खायचा.

मी म्हणालो, "नातवाला सैनिकी अकादमीनं घेतलंय. तो म्हणतो, आधी बघून येऊ, मग होकार कळवू."

त्याचा हात थांबला. "बरोबर हाय की. लेक देताना आपण आधी घर बघतो, मामा. मी माझ्या पोराला असल्याच अकादमीत जागा न बघता धाडलं. ती जागा बघितली, ती त्याचं मयत आणायला गेल्यावर."

घरी मी सांगितलं, "फाट्यावर फौजीचा बाप भेटला. म्हणाला, बिनघोर पाठवा." मला गावात मान हवा होता.

नातू गेला, वर्षाच्या आत घुमा होऊन परतला. एवढंच म्हणतो, "तुमचा तो फाट्यावरचा माणूस एकदा भेटू दे मला."

बाळा, तो तुझ्याच बाजूनं बोलला होता.