खार्कीवचा भोंगा, उदगीरची गल्ली

उदगीरच्या गुलाम रसूल नद्दाफांचा धंदा गाद्या भरण्याचा. बाप पिंजारी, आजाही पिंजारी. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांच्या खोलीची मागची भिंत पडली, तेव्हापासून ते छताखाली झोपले नाहीत. उन्हाळा-हिवाळा अंगणात, आणि पावसाळ्यात अंगणातच, ताडपत्रीखाली. बायको वहिदानं पाच-सहा वर्षं समजूत घातली, मग नाद सोडला. अख्ख्या गल्लीला रसूलभाईंनी एकच शिकवलं होतं: जरा काही हाललं की बाहेर पळायचं, चपला शोधत बसायचं नाही.

त्यांची मुलगी सदफ लातूरला क्लाससाठी दोन वर्षं राहिली. दोन्ही वेळा डॉक्टरकी थोडक्यात हुकली. क्लाससमोरच परदेशी कॉलेजांत प्रवेश मिळवून देणाऱ्याचं ऑफिस होतं. तिथून ती युक्रेनमधल्या खार्कीवला गेली. चौथ्या वर्षाला होती, तेव्हा बावीसच्या फेब्रुवारीत तिथं लढाई सुरू झाली.

पहिल्याच दिवशी तिचा फोन आला.

"अब्बा, आम्हाला तळघरात आणलंय."

"तळघरात?" रसूलभाई हातातला दाभण तसाच धरून उभे राहिले. "बेटा, तिथं न्हाई थांबायचं. मैदान बघ एखादं. मोकळ्यात बस."

"मैदानात बॉम्ब पडतो, अब्बा."

"अन् इमारत अंगावर पडली तर?"

"इमारत पडेल म्हणूनच खाली बसलोय."

हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. पुढचे चार दिवस ते रोज सांगत होते, निदान दारापाशी तरी बस. सदफ रोज हो म्हणाली आणि रोज आत बसली. शेवटी गर्दीच्या रेल्वेत उभ्यानं, मग सीमेपर्यंत पायी, असं करत ती मार्चमध्ये घरी पोचली.

कॉलेज मात्र बंद पडलं नाही. ते फोनवर सुरू झालं. तिथले नऊ वाजले की उदगीरला साडेअकरा, तेव्हा तास. तिकडं हवाई हल्ल्याचा भोंगा झाला की तास थांबायचा, म्हणून सदफनं भोंग्याची सूचना देणारं अॅप फोनमध्ये तसंच ठेवलं होतं.

पहिल्यांदा ते वाजलं तेव्हा फोन खिडकीत होता. आवाज असा, की गल्लीतली सगळी घरं रिकामी झाली. समोरच्या मनकर्णाबाई भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आल्या.

"काय हाललं, रसूलभाई?"

"इथं न्हाई. खार्कीवला विमानं आली."

"मंग आता?"

"आता थांबायचं."

सगळ्यांनी वर पाहिलं. वर निरभ्र होतं.

सदफनं दुसऱ्या वेळी समजावलं, तिसऱ्या वेळी हात जोडले. मनकर्णाबाई शांतपणे म्हणाल्या, "पोरी, भोंगा वाजला की घरात बसवत न्हाई. आमच्या अंगात हाय ते." आवाज कमी करायला रसूलभाई तयार नव्हते, धोका कमी आवाजात सांगायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं. मग बायका भाजी निवडायला बाहेरच घेऊन बसू लागल्या. एकदा खार्कीवचा धोका संपता संपेना, तेव्हा मीटरचे आकडे घ्यायला आलेल्या माणसालाही दुपारभर गल्लीतच बसवून ठेवलं. तो आधी कुरकुरला, नंतर त्यानं लढाईची चौकशी केली.

एक दिवस रसूलभाई लेकीच्या मागं उभं राहून फोनमध्ये पाहत होते. तिकडच्या ल्युडमिला मॅडम आता तळघरातच राहत होत्या आणि तिथूनच शिकवत होत्या.

"ह्या बाई कशावर बसल्यात?"

"पुठ्ठ्यावर. खाली फरशी आहे. पाठ धरलीय त्यांची."

त्या लढाईत रसूलभाईंना कळणारी एवढीच एक गोष्ट होती. त्यांनी त्याच दिवशी चांगला कापूस काढला, पिंजला, आणि एका माणसाची गादी शिवली. पोस्टात शिवलिंग नावाचा कारकून होता. त्यानं पत्ता दोनदा वाचला.

"तिकडं पार्सल जाईना झालंय, चाचा. युद्ध चालू हाय."

"म्हणूनच तर पाठवायलोय."

शिवलिंगनं विचार केला, पण छापील अर्जावर असलं कारण लिहायला जागा सापडली नाही, आणि गादी घरी परत आली.

चोवीसच्या उन्हाळ्यात सदफ शेवटच्या परीक्षेसाठी युक्रेनच्या दुसऱ्या टोकाला, जरा शांत गावी, परत गेली. सामानाचं वजन जास्त झालं, तेव्हा तिनं पुस्तकं काढली आणि गादी ठेवली. विमानतळावर गादी तपासणीच्या यंत्रातून तीनदा गेली. आत कापूसच आहे यावर कुणाचा विश्वास बसेना. त्या गावी पोचल्यावर सदफनं ती कुरियरनं खार्कीवला धाडली. महिन्याभरानं मॅडमचा निरोप आला: गादीवर तळघरातली सहा माणसं पाळीपाळीनं झोपतात, वडलांना सलाम सांग.

"सहा?" रसूलभाई म्हणाले, आणि आणखी पाच गाद्या शिवायला बसले.

सदफ पास होऊन आली. आता ती लातूरच्या एका अभ्यासिकेत इथल्या परवान्याच्या परीक्षेची तयारी करते. तिकडं जाणारं कुणी नाही, त्यामुळं पाचही गाद्या दुकानात मांडीवर मांडी घातल्यासारख्या रचलेल्या आहेत. लग्नसराईत गिऱ्हाईक त्यांच्याकडं बोट दाखवतं. रसूलभाई मान हलवतात.

"त्या दिलेल्या हायत. दुसऱ्या बघा."