अर्धी गोळी दादाला

ज्या नव्या औषधाची ट्रायल माझ्यावर चालू होती, त्याची गोळी मी रोज सकाळी मोडून अर्धी माझ्या थोरल्या भावाला दिली. असं करा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते नेमकं उलट.

ट्रायल शोधली मीच. आदिलाबादेत ज्या दवाखान्यात आम्ही दोघं भाऊ शुगर तपासायला जातो, तिथं भिंतीवर तेलुगूत एक कागद चिकटवला होता. तामसीकडच्या आमच्या गावात मी शाळामास्तर, त्यामुळे दिसेल तो तेलुगू कागद मोठ्यानं वाचून दाखवायची मला खोड आहे. शुगरच्या नव्या गोळीसाठी माणसं हवी होती. दादा म्हणाला, "दोघंबी नावं देऊ. बसमंदी सोबत होते."

सिस्टरनं नीट समजावलं. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनाही माहीत नसतं. नको वाटलं तर कधीही सोडा. पण गोळी दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. मी मान डोलावली, वर्गात पोरं डोलावतात तशी.

रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा दादा बाहेर बाकावर बसला होता. सिस्टरनं मला एकट्याला आत बोलावलं. ट्रायलला तुम्ही चालता, म्हणाली, पण तुमच्या भावाच्या किडन्या कमजोर आहेत. त्यांना घेता येणार नाही, किडनीच्या डॉक्टरला दाखवा, त्यांना समजावून सांगा. माझ्या गोळ्यांची डबी घेऊन मी बाहेर आलो. दादानं विचारलं, "काय मनते?"

त्याच्या तोंडाकडं बघून माझी हिंमतच झाली नाही. "जागा भरल्या मनते," मी म्हणालो.

परतीच्या बसमधून उतरताना दादा बोलला, "मास्तर लोकाइलेच घेतात बाबू. आमाले कोन इचारते?"

ते मला लागलं. लहानपणी आमच्यात एकाला ताप आला की आई गोळी मोडून दोघांना द्यायची. दुसऱ्याला उद्या येणारच आहे, म्हणायची. आम्ही दोघंही बरे व्हायचो. ज्याला ताप नव्हता तो तर फारच लवकर. एवढ्या शास्त्राच्या जोरावर मी दुसऱ्या सकाळपासून गोळी मोडायला लागलो. दादा माझ्याकडं चहाला यायचा, अर्धी तो, अर्धी मी. किडनीचा विचार मनात आला नाही असं नाही. पण गोळी शुगरची, तिचा किडनीशी काय संबंध, असा निकाल मी चहा पिता पिता लावून टाकला.

कापूस वेचणीचे दिवस होते. एका दुपारी मी वर्गात असताना वहिनीचा फोन आला. "भाऊजी, लवकर वावरात या. हे कसेतरीच करून राह्यले."

दादा धुऱ्याच्या बांधावर बसला होता. थंडीचे दिवस, तरी सदरा घामानं चिंब. हात थरथरत होते. मला बघून त्यानं आमच्या मेलेल्या बैलाच्या नावानं हाक मारली. एरवी मी हसलो असतो. तेव्हा मात्र ऑटो बोलवायला फोन काढला.

वहिनी त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबत होती. "काऊन असं झालं असन, भाऊजी? सकाळी तं चांगले होते. तुमच्याकडंच चहा पेले."

मी म्हणालो, "ऊन लागलं असन." थंडीच्या दिवसांत.

ऑटोत दादाचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. गुळानं तो थोडा शुद्धीवर यायचा, परत कलंडायचा. माझ्या डोळ्यांपुढं पोलीस आले, शाळा आली, पांढऱ्या कपाळाची वहिनी आली. माझ्या वाट्याची गोळी खोटीच असू दे, असं मी रस्ताभर मागत होतो. आमच्या बौद्ध घरात नवस बोलायची सोय नाही. नुसतंच हवेत मागत होतो.

आदिलाबादच्या त्याच दवाखान्यात ग्लुकोजचं सलाइन लावलं. शुगर वर आली. हायसं वाटतंय तोवर परत खाली घसरली. डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या. ट्रायलवालीच सिस्टर होती, ती माझ्याकडं वळली, "सर, और क्या लेते ये?"

"चहा," मी म्हणालो.

वहिनी माझ्याकडंच बघत होती.

"बिनसाखरेचा," मी पुढं जोडलं.

दादाचे डोळे फिरायला लागले. सिस्टरनं माझं मनगट धरलं. "सर, सच्ची बोलो. जान का सवाल है."

तेव्हा बोललो. आधी तेलुगूत, मग हिंदीत, आणि वहिनीला कळावं म्हणून मराठीत, किडनीसकट. ट्रायलवाल्यांना कळवायला सिस्टर फोन घेऊन पळाली. डॉक्टर म्हणाले, स्वतःच्या शुगरच्या गोळ्या चालू, वर ही अर्धी, आणि किडनी औषध बाहेर टाकत नाही. सगळं उतरेपर्यंत शुगर अशीच पडत राहील, डोळ्यात तेल घालून बसावं लागेल. वहिनी माझ्या शेजारी बसली होती, ती उठली आणि पलंगाच्या पलीकडं जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शुगर एका जागी थांबली. सिस्टरनं माझ्याकडच्या उरलेल्या गोळ्या काढून घेतल्या आणि ट्रायलमधून माझं नाव कमी झाल्याचं सांगितलं. दादाला किडनीच्या डॉक्टरनं तपासलं. तोवर वहिनीनं त्याला सगळं सांगितलंही होतं.

मी पलंगाजवळ गेलो. माफी मागायची होती. तोंडातून भलतंच निघालं, "दादा, लय भेला होता काय?"

दादानं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"मी कायले भेऊ? मले कोठी मालूम होतं तू डाक्टर झाला मनून! मालूम असतं तं पयलेच भेलो असतो."