बोर्डापुढे फोडलेला नारळ

तुम्ही पहिलेच. माझ्या बायकोला हे ठाऊक नाही, आणि ज्या माणसांबरोबर वीस वर्षं भाट्याच्या समुद्रात उतरलो त्यांच्यापैकी एकालाही नाही. सांगण्यासारखं आहे तरी काय म्हणा? एक सर्फबोर्ड केला. तो घेऊन एक मुलगी लाटांवर उभी राहायला गेली आणि तिला जमलं नाही. लोकांना एवढंच माहीत आहे, आणि आठ वर्षं मी ते तेवढंच राहू दिलं.

मी मूळचा होड्या करणाऱ्यांतला. वडील लाकडाच्या होड्या करायचे, पुढे फायबर आलं तेव्हा फायबरच्या करू लागले. खाडीकाठी आमची पत्र्याची शेड आहे. त्याच काचतंतूंच्या मॅटी, तेच रेझिन, तीच घासाघाशी — त्यातूनच मी सर्फबोर्ड करायला लागलो. रत्नागिरीत तेव्हा हे काम करणारा मी एकटा. मुंबईची पोरं गाड्यांच्या टपावर माझे बोर्ड बांधून नेत. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात ना, ती मी. पण शहाणपणाची सवय लागते माणसाला.

दर्शना माझ्याकडे शिकायला आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिचे वडील तांडेल, म्हणजे मासेमारीच्या बोटीवरचे मुख्य. मुलगी पाण्याला भीत नव्हती, आणि सांगितलेलं एकदाच सांगावं लागायचं. बोर्डावर पालथं कसं पडायचं, हात कसे मारायचे, लाट पाठीशी आली की कधी उठायचं — सगळं मी शिकवलं. एकोणिसाव्या वर्षी ती माझ्यापुढे गेली. हे मला दिसत होतं. मला दिसतंय हे तिला कळू नये, इतकीच माझी धडपड.

मग ती मार्चमधली सकाळ. मुंबईहून सात-आठ जण आले होते आणि मी त्यांना करून दाखवत होतो. लाट मऊ होती, दोनदा माझ्याखाली विरली. दर्शना बाजूलाच होती. म्हणाली, "दादा, द्या बगू जरा." माझाच बोर्ड घेतला, ओळीने तीन लाटा काठापर्यंत आणल्या, आणि बोर्ड परत देताना सगळ्यांदेखत म्हणाली, "मागचा पाय वाईच फुडं घ्या दादा, मग लाट मरत नाय."

मुंबईवाले हसले. ती हसली नाही. तिने खरं ते सांगितलं होतं, आणि तेही मीच कधीतरी तिला शिकवलेलं. माझं वाटोळं झालं का त्याने? नाही. ते लोक दुपारी मासे खाऊन निघून गेले आणि मला विसरले. मी मात्र विसरलो नाही. हसले ते, आणि डूख धरला मी हिच्यावर. बस, कारण एवढंच. यापेक्षा मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

दोन आठवड्यांनी ती बोर्ड सांगायला आली. मे अखेरीला गोव्याच्या बाजूला निवड चाचणी होती. निवडलेल्यांना वर्षभर केरळात राहून शिकायला मिळणार होतं, नंतर शिकवण्याची नोकरीही. वडिलांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं — निवड झाली तर जा, मी अडवणार नाही. नाही झाली तर समुद्र सोडायचा आणि लॅबचा कोर्स करायचा. तांडेलाने दिलेला शब्द, तो इकडचा तिकडे व्हायचा नाही. म्हणजे त्या एका बोर्डावर तिचं सगळं होतं. हे मला तिनेच सांगितलं, शेडमध्ये स्टुलावर बसून.

इथे थोडं कामाचं सांगावं लागेल, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळणार नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे लाट गुडघ्याएवढी, फार तर कमरेला. जोर नसतो तिच्यात. अशा लाटेला बोर्ड आखूड लागतो, पण रुंद, छातीखाली जाड आणि लांबीला जवळजवळ सपाट. टोकं वर उचलणारा बाक जास्त दिला की बोर्ड पाणी ढकलत बसतो, पुढे जात नाही. मोठ्या लाटेचं उलट — तिथे बाक नसेल तर नाक पाण्यात घुसतं. दर्शनाला दोन बोर्ड परवडणारे नव्हते. तिला उन्हाळ्याच्या बारीक लाटेत पळणारा, आणि पावसाळ्यानंतर लाट वाढली की तिथेही हाताशी राहणारा, असा एकच हवा होता. हे कोडं मी दहा वर्षं सोडवत होतो.

तिने आलेखाच्या वहीत ते सोडवून आणलं होतं. पुढून सगळा सपाट, बाक फक्त शेवटच्या फुटात. शेपूट रुंद, पण मधे खाच देऊन वळायला हलकं केलेलं. खाली फिन, म्हणजे दिशा धरणारे छोटे पंख, बसवायला पाच जागा; उन्हाळ्यात दोन लावायचे आणि लाट वाढली की तीन. रुंदी साडेवीस इंच. प्रत्येक सहा इंचांवर जाडी लिहिलेली, खोडून पुन्हा लिहिलेली. मी ते पान बराच वेळ बघत राहिलो. विचारलं, "कुठनं उतरवलंस गो?"

"उतरवलं नाय. तुमच्या शेडीतले सगळे बोर्ड बगून बगून काडलंय. चुकलं आसंल तर सांगा."

चुकलं नव्हतं. मी म्हणालो, "बघू."

आता ते सांगतो. हात चुकला, फोम कमी पडला, घाई झाली, असं काहीही झालं नाही. बोर्ड ज्यातून कोरतात त्या फोमच्या ठोकळ्यावर मी टेप लावला, तिची खूण केली, मग आत दुसरी खूण केली आणि आतल्या खुणेवर कापलं. रुंदीत सव्वा इंच कमी. छातीखाली जाडी पाव इंच कमी. नाकाला तिने दिला नव्हता तो बाक. डोळ्याला टोचू नये इतकंच, आणि बारीक लाटेत जीव जाईल इतकं. मला माझा धंदा चांगला येतो. वाईट बोर्ड चांगला दिसेल असा करणं हे चांगला बोर्ड करण्याहून अवघड असतं, आणि त्या तीन दिवसांत मी जितक्या मन लावून काम केलं तितकं आधी कधी केलं नव्हतं.

मॅट चढवण्याआधी बोर्डाची मापं पेन्सिलीने फोमवर लिहायची पद्धत आहे. वरून रेझिन बसलं की ती कायमची वाचता येतात. मी तिच्या वहीतली मापं लिहिली. साडेवीस इंच. खाली तिचं नाव, त्याखाली माझी सही.

एवढ्यावर भागणार नव्हतं. टेप तर कोणाकडेही असतो. तिला शंका आली आणि तिने माप घेतलं तर? मग मी नारळ आणला.

आमच्या होडीवाल्यांत एक आहे. होडी पाण्यात जाण्याआधी तिची पूजा होते, नारळ फुटतो. त्यानंतर तिला कोणी टेप लावत नाही, मालकसुद्धा नाही. नारळ फुटलेल्या होडीला मापणं म्हणजे तिचं आयुष्य मापणं, शिवाय कारागिराचा अपमान. सर्फबोर्डासाठी मी हे कधी केलं नव्हतं. मुंबईच्या पोरांना त्याचं काय? पण दर्शना तांडेलाची मुलगी. तिच्या बोर्डाला मी हळदकुंकू लावलं, हार घातला, तिच्या आईला बोलावलं आणि समोर नारळ फोडला. दर्शनाचे डोळे भरून आले. माझ्यासाठी एवढं केलंत दादा, म्हणाली आणि वाकून पाया पडली. मी आशीर्वाद दिला. तोंडाने काय पुटपुटलो ते आठवत नाही.

पहिल्याच दिवशी बोर्ड तिच्याखाली बसला. लाट निघून जायची, ती मागे. आठवडाभराने तिने चाचरत विचारलं, बोर्ड अरुंद वाटतो का? मी खिशातला टेप काढून तिच्यापुढे धरला. म्हटलं, माप ना, तुझ्या वहीतलंच तंतोतंत केलंय, माझ्यावर विश्वास नसेल तर माप. तिने हात मागे घेतला. कानाची पाळी धरली आणि म्हणाली, "तसं नाय ओ दादा. माजंच कायतरी चुकतंय."

तिथे थांबता आलं असतं. चाचणीला अजून पाच आठवडे होते, दुसरा बोर्ड चार दिवसांत झाला असता. मी थांबलो का? मी तिला म्हणालो, तुझं वजन वाढलंय.

वाढलं नव्हतं. आधीच किरकोळ बांध्याची मुलगी. तिने भात सोडला. मग रात्रीचं जेवण सोडलं. पहाटे भाट्याच्या पुळणीवर धावायची आणि सात वाजता पाण्यात यायची तेव्हा तिचे ओठ पांढरे दिसायचे. एक दिवस तिची आई शेडवर आली. "भाऊ, तुमी तरी सांगा तिला. तुमचंच आयकल ती. दोन घास पोटात जात नायत ओ पोरीच्या." सांगतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी दर्शनाला म्हणालो, अजून दोन किलो उतरव.

हे करताना मला कसं वाटत होतं? तुम्ही विचारत असाल तर — बरं वाटत होतं. रात्री झोप लागत होती. ती लाटेमागून लाट सोडायची आणि काठावर उभ्या असलेल्या माझ्याकडे बघायची, काय चुकलं ते सांगतील म्हणून. मी काहीतरी सांगायचो. खांदे, नजर, श्वास. ती सगळं करायची. गावातली माणसं म्हणायची, मंगेश त्या पोरीसाठी किती राबतोय.

चाचणीला मीच घेऊन गेलो तिला. वडीलही आले. बोट बंद ठेवून, इस्त्रीचा सदरा घालून आले होते. लाट मांडीएवढीही नव्हती. बाकीच्या मुली रुंद, जाड बोर्ड घेऊन आल्या होत्या आणि सहज तरंगत लाटेबरोबर निघत होत्या. दर्शनाला वीस मिनिटं होती. तिने अकरा लाटांना हात मारले. मी मोजत होतो. दोनदा उठली, दोनदा बोर्ड जागच्या जागी रुतला. वडिलांनी मला विचारलं, "बोर्ड बरोबर हाय ना ओ?" साध्या माणसाचा साधा प्रश्न. मी म्हणालो, तिने सांगितला तसाच केलाय. आणि वर म्हणालो, सगळ्यांच्या अंगात नसतं ते. त्यांनी मान हलवली.

पहिल्याच फेरीत ती बाहेर पडली. पाण्यातून आली ती थेट माझ्यासमोर. रडली नाही. "दादा, तुमचं नाव घालवलं मी." माझी माफी मागितली तिने. आणि मी — तिच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि असू दे म्हणालो. माफ केलं तिला.

जूनमध्ये तिने लॅबच्या कोर्सला नाव घातलं. पाऊस संपल्यावर मी, माझ्याकडेच राहिलेल्या तिच्या वहीतला बोर्ड केला, जसा काढला होता तसाच, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाण्यात घातला. काय पळाला म्हणून सांगू. असा बोर्ड माझ्या हातून झाला नव्हता आणि पुढे नवीन काही झालंही नाही. आज लांबून लांबून लोक तोच मागायला येतात. या माणसाला उन्हाळ्याची लाट कळते, म्हणतात. मी नाही म्हणत नाही.

दर्शना मारुती मंदिराजवळ एका लॅबमध्ये आहे. लोकांचं रक्त काढते. हात हलका आहे तिचा, दुखत नाही म्हणतात. मागच्या महिन्यात भावाच्या लग्नाची पत्रिका द्यायला शेडवर आली. एक बोर्ड घासायला लावला होता, त्याच्या कडेवरून तिने बोटं फिरवली. शेपटाच्या खाचेपाशी थांबली. म्हणाली, "छान झालाय ओ. मी पण आसलंच कायतरी काडलं होतं. पण तेवा मला कुटं काय कळत होतं?" मी म्हणालो, लहान होतीस तू. पत्रिका टेबलावर ठेवून ती गेली.

त्या चाचणीपासून ती समुद्रात उतरलेली नाही. घरच्यांबरोबर भाट्याला आली तर घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहते. कोणी आग्रह केलाच तर म्हणते, माझ्या अंगात नाही ते. माझे शब्द.

तिला सांगायला मला पंधरा मिनिटं लागतील, स्कूटरवरून. ती काय म्हणेल, तिचे वडील काय करतील, गावात माझं काय होईल, यांची भीती वाटते का? वाटते, पण ती भीती सोसेन मी. न सांगण्याचं कारण वेगळं आहे. दर्शना अजून सत्ताविसाची आहे. आपलं काही चुकलं नव्हतं हे कळलं तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात असेल, आणि महिन्याभरात पुन्हा माझ्यापुढे. ते मला आजही नको आहे.