उशीवरून काढलेले फोटो

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसते. महादेवपुऱ्यात सॉफ्टवेअरमध्ये बारा वर्षं काढलीत, पुरावा दाखवल्याशिवाय मी नवऱ्याचंही ऐकत नाही. तरी हे लिहितेय, कारण या वेळी पुरावा माझ्याच लॅपटॉपवर आहे.

माझी मावशी शेवटचं वर्षभर इथेच, आमच्याच शहरात, बेळ्ळंदूरला मुलाकडे, मंदारकडे, अंथरुणाला खिळून होती. मानेखाली काहीच हलत नव्हतं. गेल्या वर्षी गेली बिचारी. तिची मुलगी वैशू नागपूरला असते. वर्षश्राद्धाच्या तोंडावर या बयेने कॅमेऱ्याचं कार्ड चुकून फॉरमॅट केलं... आईचे सगळे फोटो त्यातच! "ताई, आईचा चेहरा तेवढा काढून दे गं," म्हणून फोनवर रडली आणि कार्ड कुरिअर केलं.

फॉरमॅट केलं तरी आतला डेटा बहुतेकदा तसाच असतो, फक्त यादी पुसली जाते. अख्खं कार्ड एका फाइलमध्ये उतरवायचं. प्रत्येक जेपेग फोटो ठरावीक बाइट्सनी सुरू होतो — एफएफ, डी८, एफएफ. ग्रेप कमांडने त्या जागा शोधायच्या, डीडी नावाच्या कमांडने तिथे तिथे तुकडे पाडायचे. रविवारी दुपारी जेवून बसले आणि तासाभरात फोल्डर भरला.

आधी नागपूरचे फोटो. मावशी शिलाई मशीनवर, मावशी जावेशी भांडताना. छान वाटलं. आणि मग मंदारच्या घरातली मागची खोली.

शी! ताटात वाळून कडक झालेला भात, वर मुंग्या. पुढच्या फोटोत तेच ताट, भाताला बुरशी. पिवळी, ओली चादर. तिच्यावर माशा. सगळे फोटो उशीच्या उंचीवरून, तिरके — पडल्या पडल्या दिसेल तेवढंच. आणि कॅमेरा कार्डासकट तर मावशी आजारी पडायच्या आधीपासून नागपुरात, वैशूच्या कपाटात! तेराव्याला सगळ्यांसमोर "आईला फुलासारखं जपलं" म्हणाला होता हा मंदार.

दुसऱ्या टूलने पुन्हा कापून पाहिलं. तेच. फोटोंच्या आतल्या नोंदीत वैशूच्याच कॅमेऱ्याचं मॉडेल, तारखा मावशीच्या शेवटच्या महिन्यातल्या. मंदारला फोन करून एकेक फोटो सांगितला. तो म्हणाला, "कोणी काढले?" खोटे आहेत असं एकदाही म्हणाला नाही.

शेवटच्या फोटोत खोलीचं दार आहे. दारात मी. नाकाला रुमाल, एक पाय बाहेर.

आठवतोय तो दिवस. मीटिंग आहे सांगून पाच मिनिटांत निघाले होते. ताट तेव्हाही तिथेच होतं. मी पाहिलं होतं.

ऑफिसातल्या जाणकारांना कार्ड दाखवलं, त्यांच्या टूलनेही तेच फोटो काढून दिले. वैशूला बाकी सगळे फोटो पाठवले. तिने मंदारशी कायमचं बोलणं तोडलं. तो शेवटचा फोटो मात्र मी डिलीट केला. ती आता रोज मला फोन करते. म्हणते, "ताई, आईचं माणूस म्हणून तू एकटीच राहिलीस बघ."