मेधाची पहिली राइड

मुलुंडकर सायकलवाल्यांनो, आज तानसा नदीकाठच्या राइडला माझी बायको मेधा पहिल्यांदाच आली होती. "मला मागे टाकून जाऊ नकोस हं," निघताना म्हणाली होती.

चढावर ग्रुप सुटला आणि मीही सुटलो. पुढच्या टपरीवर चहा घेत होतो, तेव्हा कुणीतरी विचारलं, "मेधा कुठाय रे?"

उलटा गेलो. नदीवरच्या फरशी पुलावर ती घसरून पडली होती. कपडे धुवायला आलेल्या एक मावशी तिचा सोललेला गुडघा पुसत होत्या.

मला बघून त्यांनी विचारलं, "ह्यो तुझा मालक का गं?"

"नाही," मेधा म्हणाली. "पुढच्या ग्रुपमधला आहे कुणीतरी."

मान वर करवेना यार.

घरी येऊन सॉरी म्हणालो. ती फक्त "ठीक आहे" म्हणाली. आता अजून काय बोलू, सांगा ना.