बसून केलेला नाच

पारनेरला एसटीतून उतरले तेव्हा डोकं तापलेलंच होतं. मार्चचं ऊन, न उघडणारी खिडकी आणि शेजारच्या गृहस्थांचा मोबाईलवर केकाटणारा व्हिडिओ. पण खरा संताप अजून व्हायचा होता.

माझी मैत्रीण नयना नाच बसवते. सुप्याच्या एका कारखान्याला महिला दिनासाठी ‘कष्टकरी महिलांचा नाच’ हवा होता, म्हणून तिने कांदा निवडणाऱ्या बाया जमवल्या होत्या. तो कसा घडतो ते लिहायला मी निघाले होते.

तालीम कांद्याच्या चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) चालायची. आत गेले तर सगळ्या जमिनीवरच. पहिल्या दिवशी नयना म्हणाली होती, आपण नाच बसवू. त्यावर शकुंतलाबाईंनी विचारलं, “बसवायचा म्हंजी बसूनच ना, ताई?” हशा झाला आणि बाया खरंच बसल्या. नयनाने त्यांना उठवलंच नाही. आधी ती नुसती त्यांच्यासोबत कांदे निवडत राहिली, मग त्यातूनच नाच काढला. सडका कांदा मागे भिरकावणं, फुंकरीने साल उडवणं, बसल्या बसल्या पुढे सरकणं. ताल क्रेटमध्ये पडणाऱ्या कांद्यांचा. बघताना माझ्या अंगावर काटा आला. दुपारी भाकरी, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा खाल्ला. लई झाक!

कार्यक्रमासाठी सुप्याला टेम्पोतून गेलो. मंडपामागे कारखान्याच्या साहेबांनी रंगीत तालीम पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. बाया बसूनच का? नऊवारी नेसवा, उभ्या करा, गाणं आम्ही लावतो, नाहीतर कार्यक्रम रद्द. शिंचा! मी तोंड उघडणार, तोच नयना पडेल आवाजात बायांना म्हणाली, “थोडा वेळ उभ्या राहाल का?” तिला पुढची कामंही हवी होती. मला तिचाही राग आला.

शकुंतलाबाईंनी पदर खोचला. “साहेब, कामावर जरा पाय मोकळं कराया उटलं तर मुकादम म्हनतो, बसा खाली. हितं बसलो तर तुमी म्हनता, उटा. आमी न्हाई उटनार.”

नयनाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि साहेबांना म्हणाली, “मग रद्द करा.”

केला की हो त्यांनी! आमच्या जागी हिंदी गाण्यावर कुणीतरी नाचलं. वर निर्लज्जपणा असा, की शेवटी साड्या द्यायला याच बायांना स्टेजवर बोलावलं. मागे साहेबमंडळी, पुढे बाया. फोटोवाला ओरडला, पुढच्यांनी खाली बसून घ्या.

एकही बाई बसली नाही.

परतताना मी पुण्यापर्यंत त्या साहेबाला शिव्या घालत आले. न झालेल्या नाचाबद्दल काय लिहायचं, हे मला अजून कळत नाही. काल नयनाने तो फोटो पाठवला. त्यात शकुंतलाबाई ताठ उभ्या आहेत, आणि साहेबांचा फक्त एक कान दिसतो.