मागच्या बाकावरच्या बाई

शाळेत शिकणं नेमकं कसं होतं, यावर बाईंचा प्रबंध चालू होता. चालू होता म्हणजे लग्नाआधीपासून चालू होता. सासूबाईंनी विचारणं सोडलं होतं, नवऱ्याने हात टेकले होते, आणि मार्गदर्शकांनी निक्षून सांगितलं होतं, "या महिन्यात प्रकरण आलं नाही, तर आपला राम राम."

म्हणून बाई रोज पाचवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर डोळ्यांत तेल घालून बसायच्या. हसायचं नाही, मान हलवायची नाही, खुर्चीसारखं बसायचं, असा या कामाचा नियम. तो आपण तंतोतंत पाळतो, अशी त्यांची ठाम समजूत.

आणि घबाड हाती लागलं! गणिताचे सर प्रश्न विचारायचे, मुलगा उठून "सात..." म्हणायचा, वळून मागच्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघायचा आणि लगेच म्हणायचा, "नाही सर, आठ!" गणिताच्या तासाला नकाशा कशाला, हा प्रश्न कुणालाही पडला असता. बाईंना पडला नाही. त्यांनी झपाटून प्रकरण लिहून काढलं: 'स्वतःची चूक स्वतः सुधारणारी मुले'. मुख्याध्यापकांनी सरांची पाठ थोपटली. निवृत्तीला टेकलेले सर शीळ घालत वर्गावर येऊ लागले.

मग एके दिवशी बाईंचं कपाळ कपाटाच्या दारावर आपटलं आणि भुवयांपर्यंत पट्टी आली. त्या दिवशी वर्गाची दातखीळ बसली. सात म्हणालेला मुलगा सातावरच उभा राहिला. सर घामाघूम झाले.

सुट्टीत पुढच्या बाकावरची मुलगी काळजीने जवळ आली. "बाई, पट्टी कधी निघणार हो? परवा चाचणी आहे."

"पट्टीचा आणि चाचणीचा काय संबंध?"

"चुकलं की तुमची भुवई वर जाते ना!"

बाईंचा हात कपाळावरच्या पट्टीकडे गेला. वर्गातल्या सगळ्या मुलांना माहीत असलेली गोष्ट अभ्यासकालाच माहीत नव्हती. गप्प बसलं तर प्रकरण वाचत होतं, सरांचं कौतुकही. पण गप्प बसवेना. शिक्षकांच्या खोलीत जाऊन त्यांनी सरांना सगळं सांगून टाकलं.

सर चष्मा पुसत राहिले. "तरीच. मला वाटलं, जाता जाता का होईना, शिकवायला जमलं."

"माझं चुकलं, सर. प्रकरण रद्द करते. आता खरं तेच लिहिते, मुलं कुणाकडे बघत होती ते."

"लिहा की," सर म्हणाले. "फक्त एक करा. मीही वर्गात होतो, एवढं त्यात येऊ द्या."

बाईंनी मान हलवली खरी. लिहिलेल्या प्रकरणात सर कुठे आले होते, हे त्यांना काही केल्या आठवेना.